बदलीवर वरणगावला आलेल्या कुटुंबांसाठी : घर, शाळा, बाजार आणि सुटीतल्या जागा

परदेशात, अगदी स्पेनसारख्या देशात राहायला गेलेल्या कुटुंबांना शाळा कशी निवडावी, बाजार कुठे करावा, सुटीत मुलांना काय दाखवावं याची माहिती ढिगाने मिळते. बिहार, बंगाल, तेलंगण किंवा आपल्याच मराठवाड्यातून बदलीवर वरणगावला आलेल्या कुटुंबाला मात्र अशी माहिती कुणी देत नाही. घरातला कमावता माणूस कामावर रुजू होतो, त्याला सोबती मिळतात. घरातली बाई आणि मुलं मात्र सहा-सहा महिने "इथे काहीच नाही" असं म्हणत दिवस मोजतात. वर्गात अशी मुलं आमच्यासमोर बसतात. "तू कुठला?" असं विचारलं की आधीच्या गावाचं नाव सांगतात, आणि चार वर्षांनी विचारलं तरी तेच नाव सांगतात. म्हणून ही माहिती एका ठिकाणी मांडत आहोत. आपल्या मोहल्ल्यात, शेजारी किंवा नात्यात कुणी नवीन आलं असेल तर त्यांच्यापर्यंत जरूर पोचवा.

गाव कुठे आहे

वरणगाव हे जळगाव जिल्ह्याच्या भुसावळ तालुक्यातलं मोठं गाव. भुसावळपासून पूर्वेला साधारण पंधरा किलोमीटरवर, मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर आणि जुन्या राष्ट्रीय महामार्ग ६ वर (आता ५३). गावाचं स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे, पण लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांसाठी भुसावळ जंक्शनलाच जावं लागतं. तिथून मुंबई, नागपूर, सुरत आणि इटारसी अशा चारही दिशांना गाड्या आहेत. त्यामुळे गावी जायचं म्हटलं तर वरणगावइतकी सोयीची जागा कमीच सापडेल.

या पट्ट्याला बाहेरच्या माणसांची सवय आहे. भुसावळ हे रेल्वेचं विभागीय मुख्यालय. तिथला आयुध कारखाना १९४९ चा आणि वरणगावचा १९६४ चा. मध्ये दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र. पंधरा-वीस किलोमीटरच्या टप्प्यात रेल्वे, वीज आणि संरक्षण खातं या तिन्हींची नोकरी, म्हणून इथे तमिळ, तेलुगू, बंगाली, भोजपुरी सगळं कानावर येतं. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातले ४१ आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. वरणगावचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आला. एक गोष्ट आल्या-आल्याच मुलांना सांगून ठेवा : कारखान्याच्या फाटकाजवळ, भिंतीजवळ फोटो किंवा रील काढायची नाही.

घर आणि कागदपत्रं

वसाहतीत क्वार्टर मिळालं तर प्रश्न नाही. गावात भाड्याने घर घ्यायचं असेल तर आपली बहुतेक कुटुंबं मशीद आणि शाळा जवळ बघतात, ते ठीकच आहे. पण आणखी तीन गोष्टी बघा : पाणी किती दिवसांआड येतं, साठवायला टाकी किती मोठी आहे, आणि घराचं छत पत्र्याचं आहे की स्लॅबचं. इथल्या मे महिन्यात पत्र्याखाली लहान मूल ठेवणं कठीण जातं.

भाडेकरार तोंडी ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. "आपल्यातलेच आहेत, कागद कशाला" असं म्हणून बरेच जण तो सोडून देतात. नंतर गॅस, बँक, शाळा सगळीकडे पत्त्याचा पुरावा मागतात तेव्हा धावपळ होते. नोंदवलेला करार हाताशी असला की आधारवरचा पत्ता बदलणंही सोपं जातं. मतदार यादीतलं नाव नव्या पत्त्यावर आणायला नमुना ८ भरायचा असतो. रेशनकार्ड दुसऱ्या राज्यातलं असलं तरी केंद्राच्या "एक देश, एक रेशनकार्ड" योजनेत अन्नसुरक्षेचं धान्य इथल्या दुकानातून घेता येतं. कार्डावरच्या सगळ्यांचं आधार जोडलेलं आहे ना, एवढं तपासा.

अधिवास दाखला, ज्याला आपण डोमिसाइल म्हणतो, त्याचा विचार लोक मूल बारावीला गेल्यावर करतात. महाराष्ट्रात त्यासाठी साधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. म्हणून आल्यापासूनचे कागद एका फाइलमध्ये ठेवा : भाडेकरार, वीजबिलं, मुलांची बोनाफाइड प्रमाणपत्रं, नोकरीच्या ठिकाणचं पत्र. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी कुठून झाली हेही बघतात. त्यामुळे दहावीच्या तोंडावर बदली होण्याची शक्यता असेल तर त्या वर्षीची प्रवेश पुस्तिका आधी वाचावी आणि मगच मुलाला कुठे ठेवायचं ते ठरवावं.

शाळा : माध्यम कोणतं?

नव्याने आलेले पालक हा प्रश्न आम्हाला हमखास विचारतात. वरणगाव-भुसावळ परिसरात मराठी, उर्दू, हिंदी आणि इंग्रजी चारही माध्यमांची सोय आहे, आणि कारखान्यातल्या कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय विद्यालयही आहे. दर तीन-चार वर्षांनी राज्य बदलणार असेल तर केंद्रीय विद्यालय सोयीचं पडतं, कारण अभ्यासक्रम देशभर एकच राहतो. इथे आठ-दहा वर्षं राहण्याचा अंदाज असेल तर मराठी किंवा उर्दू माध्यमाचा विचार मोकळ्या मनाने करा. शाळा बघायला गेलात की इमारतीपेक्षा दोन गोष्टींची चौकशी करा : गणित आणि विज्ञानाला शिक्षक आहेत का, आणि पाचवीतल्या मुलाला सलग दोन पानं वाचता येतात का.

वर्षाच्या मध्येच बदली झाली आणि जुन्या शाळेने दाखला दिला नाही म्हणून मुलाला घरी बसवू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ प्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. दाखला यायला उशीर झाला या कारणावरून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. जन्मदाखला नाही म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही. शाळेत गेल्यावर हे शांतपणे सांगा, लेखी अर्ज द्या आणि अर्जाची पोच घ्या.

मराठी कशी येईल?

महाराष्ट्राने २०२० मध्ये कायदा करून राज्यातल्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणं सक्तीचं केलं. उत्तर भारतातून आलेले पालक याने घाबरतात, विशेषतः मूल सहावी-सातवीत असेल तर. उर्दू किंवा हिंदी घरात बोलली जात असेल तर घाबरण्याचं कारण नाही.

पहिलं म्हणजे शब्द. अर्ज, तारीख, जमीन, हुकूम, मुदत, वसूल, खर्च, शिफारस, नक्कल, दप्तर, कागद, बाजार हे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आले आणि आपल्या घरात रोज वापरले जातात. मुलाला एक वही द्या. वर्तमानपत्रात असा ओळखीचा शब्द दिसला की लिहायला सांगा. महिनाभरात वही भरते आणि मुलाची भीती जाते.

दुसरं, उच्चार. मराठीत च आणि ज दोन-दोन तऱ्हेने बोलले जातात. चहा, चंद्र, जन्म एका तऱ्हेने आणि चमचा, चाक, जवळ, जाड दुसऱ्या तऱ्हेने. उर्दूत "ज़े" असल्यामुळे दुसऱ्या तऱ्हेचा ज आपल्या मुलांना लवकर जमतो. अडतो तो ळ. उर्दूत त्यासाठी अक्षरच नाही. केळी, शाळा, फळा, जळगाव, भुसावळ हे पाच शब्द रोज दहा वेळा म्हणायला लावा. केळीच्या जिल्ह्यात राहून "केली" म्हणणारं मूल वर्गात हसण्यावारी नेलं जातं, आणि मग ते तोंडच उघडत नाही.

तिसरं, लिंग. उर्दू-हिंदीत दोन लिंगं, मराठीत तीन. "वो किताब" स्त्रीलिंगी, पण "ते पुस्तक" नपुंसकलिंगी. इथे चुका होणारच. शब्द पाठ करताना नुसता "पुस्तक" नाही, "ते पुस्तक" असा पाठ करावा.

आणि काही शब्द फसवतात. उर्दूत "खाली" म्हणजे रिकामं, मराठीत "खाली" म्हणजे तळाला. हिंदीत "शिक्षा" म्हणजे शिक्षण, मराठीत "शिक्षा" म्हणजे सजा. पहिल्याच पालकसभेत "बच्चे को अच्छी शिक्षा दीजिए" असं म्हटलं तर सर गोंधळतील, एवढं लक्षात ठेवा.

इथली बोलीही पुस्तकातल्या मराठीहून वेगळी आहे. धुळे आणि पश्चिम जळगावकडे अहिराणी. भुसावळ, यावल, रावेर, मुक्ताईनगर या पट्ट्यात लेवा बोली, त्यात "मला-तुला"चं "मले-तुले" होतं. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या कविता याच बोलीतल्या, आणि त्यांचं माहेर असोदा हे जळगावला लागूनच. यावल-रावेरकडची तडवी मुस्लिम कुटुंबं घरात त्यांची स्वतःची बोली बोलतात. नव्या माणसाने बोलीला हसू नये. दोन वाक्यं जरी तिच्यात बोललात तरी दुकानदार स्टूल पुढे करतो.

उन्हाळा, बाजार, जेवण

एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. भुसावळचं नाव दर उन्हाळ्यात बातम्यांत येतं ते यामुळेच. किनारपट्टीवरून किंवा डोंगराळ भागातून आलेल्यांनी पहिला उन्हाळा सांभाळून काढावा. बाजारहाट सकाळी नऊच्या आत किंवा असरनंतर. दुपारी बारा ते चार लहान मुलं आणि म्हातारी माणसं घरातच बरी. कूलरच्या गवताच्या जाळ्या मार्चमध्येच बदलून घ्या, एप्रिलमध्ये मिस्त्री मिळत नाही. मीठ-साखरेचं पाणी, ओआरएसची पाकिटं घरात असू द्या. कुणाचा ताप एकदम चढला, घाम थांबला, बडबड सुरू झाली तर तो उष्माघात समजा : सावलीत न्या, अंग ओल्या कापडाने पुसा आणि १०८ ला फोन करा.

बाजारात जळगावची केळी आणि भरिताची वांगी आधी ओळखायला शिका. दोघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. भरिताचं वांगं हिरवट, मोठं, कमी बियांचं असतं. हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून, हिरवी मिरची-लसूण घालून बडग्याने ठेचतात आणि कळण्याच्या भाकरीबरोबर किंवा पुरीबरोबर खातात. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. त्याशिवाय शेवभाजी, वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, आणि सणासुदीला खापरावरची पुरणपोळी.

यात आपल्या दृष्टीने एक सोय आहे. खान्देशातल्या गावजेवणाच्या पंगतीचे बहुतेक पदार्थ शाकाहारी आहेत. शेजाऱ्याने भरिताला बोलावलं तर गोश्त कुठलं, हलाल आहे का, असा प्रश्नच येत नाही. सरळ जावं. तुमच्याकडे ईदला शीरखुर्मा झाला की डबा त्यांच्याकडे जाऊ द्यावा. बाईमाणसाची पहिली ओळख इथे बहुधा याच वाटेने होते.

शेजार

खान्देशात माणसाला नावाने कमी आणि नात्याने जास्त हाक मारतात. दुकानदार भाऊ, वयस्कर माणूस आप्पा, नाना किंवा बापू, शेजारीण ताई किंवा वहिनी. आपल्या घरांत भाभी, बाजी, खाला. पहिल्या दिवसापासून असं बोलायला लागा.

मोहल्ल्यातल्या जुन्या रहिवाशांनाही सांगायचं आहे. आपली मुलं पुणे, मुंबई, सुरत, आखातात जातात. तिथे ती परकी असतात आणि कुणीतरी त्यांना पहिल्या दिवशी जेवायला बोलवावं अशी आपण दुआ करतो. मग आपल्या गल्लीत सामानाचा ट्रक उतरतो तेव्हा तीच जबाबदारी आपली आहे. मदीनेच्या अन्सारांनी मक्केहून आलेल्या मुहाजिरांसाठी काय केलं, हे आपण मुलांना शिकवतो. आपल्यासाठी त्याची सुरुवात पाण्याची वेळ सांगण्यापासून आणि दूधवाल्याची गाठ घालून देण्यापासून होते.

सुटीत कुठे जावं : जवळच्या जागा

हतनूर धरण. तापी नदीवरचं हे धरण वरणगावच्या शेजारीच आहे. त्याला ४१ दरवाजे आहेत आणि पावसाळ्यात किती दरवाजे उघडले याची बातमी जिल्हाभर वाचली जाते. हिवाळ्यात धरणाच्या फुगवट्यात चक्रवाक, पट्टकदंब असे हजारो किलोमीटर उडून आलेले पक्षी उतरतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर जा, जमल्यास दुर्बीण घ्या. पावसाळ्यात नदीपात्रात मुलांना उतरू देऊ नका, पाणी सोडलं की पातळी बघता-बघता वाढते.

चांगदेव आणि मुक्ताईनगर. मुक्ताईनगरचं जुनं नाव एदलाबाद, वरणगावहून वीसेक किलोमीटर. जवळच चांगदेव गावी तापी-पूर्णेचा संगम आणि काळ्या दगडातलं जुनं चांगदेव मंदिर आहे. संत ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण मुक्ताबाई हिची समाधी या परिसरात मानली जाते. वयाने कितीतरी मोठे असलेले योगी चांगदेव या लहान मुलीला गुरू मानत. मुलांच्या मराठीच्या पुस्तकात ही नावं येतात, तेव्हा जागा पाहिलेली असली की धडा सोपा जातो. महाशिवरात्रीच्या सुमारास इथे मोठी यात्रा भरते. मराठीत "यात्रा" म्हणजे जत्रासुद्धा, हेही नव्या लोकांना तिथेच कळतं.

फैजपूर. यावल तालुक्यातलं हे गाव. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथे झालं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. रस्ताभर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा.

पाल. रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत, यावल अभयारण्याच्या हद्दीला लागून असलेलं थंड ठिकाण. पावसाळा संपता-संपता किंवा हिवाळ्यात एका दिवसात जाऊन येता येतं.

जळगावचं गांधीतीर्थ. जैन हिल्सवर २०१२ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय आठवीच्या पुढच्या मुलांना आवर्जून दाखवावं.

पूर्ण दिवसाची सहल : बऱ्हाणपूर

एकच जागा बघायची असेल तर बऱ्हाणपूर बघा. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण दोनशे वर्षं ते खान्देशाची राजधानी होतं. भुसावळ-इटारसी मार्गावर भुसावळहून रेल्वेने ५४ किलोमीटर. सकाळी निघून मगरिबपर्यंत घरी येता येतं.

इथली गोष्ट मुलांना थोडी आधी सांगून न्यावी. १३८२ च्या सुमारास मलिक राजा फारुकीने तापीकाठच्या थाळनेर इथे (आज धुळे जिल्हा, शिरपूर तालुका) राज्य सुरू केलं. फारुकींच्या जुन्या कबरी तिथे आजही आहेत. त्याचा मुलगा नासिर खान याने असीरगड घेतला आणि तापीच्या काठावर नवं शहर वसवलं. त्याला खुलदाबादचे सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं नाव दिलं. हे संत मूळचे उत्तरेतल्या हांसीचे, दख्खनमध्ये येऊन राहिले आणि १३३७ मध्ये इथल्याच मातीत विसावले. अरबीत "गरीब" या शब्दाचा मूळ अर्थ "परका, घरापासून दूर असलेला" असा आहे. म्हणजे खान्देशाच्या राजधानीचं नावच एका परक्या माणसावरून पडलं.

शहरात पाहण्यासारखं पहिलं म्हणजे जामा मशीद. राजा अली खान फारुकीच्या काळात, १५९० च्या सुमारास ती पूर्ण झाली. आत अरबी शिलालेख आहे आणि त्याच मशिदीत संस्कृतमधलाही, ज्यात फारुकी घराण्याची वंशावळ दिली आहे. मशिदीत संस्कृत लेख का कोरला असेल, हा प्रश्न मुलांनाच विचारा. शुक्रवारी दुपारी नमाजसाठी जायचं नसेल तर ती वेळ टाळा, निवांत बघता येत नाही.

दुसरं, तापीकाठचा शाही किल्ला आणि त्यातला चित्रांनी सजवलेला हमाम. शाहजहान दख्खनच्या मोहिमेवर असताना जून १६३१ मध्ये मुमताज महलचं बऱ्हाणपुरातच, चौदाव्या बाळंतपणात निधन झालं. नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरतं दफन केलं होतं आणि डिसेंबरमध्ये पार्थिव आग्र्याला नेलं. ताजमहालाची गोष्ट आपल्या घरापासून एवढ्या जवळ सुरू झाली, हे इथल्या किती मुलांना माहीत आहे?

तिसरं, कुंडी भंडारा. १६१५ मध्ये, जहांगीरच्या काळात, अब्दुर्रहीम खानखानानच्या सुभेदारीत ही पाण्याची व्यवस्था बांधली. हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे आहेत तेच हे रहीम. सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा होतं आणि फक्त उताराच्या जोरावर, कुठल्याही पंपाशिवाय शहराकडे वाहतं. बोगद्यावर ठराविक अंतरावर शंभरहून अधिक कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरी आहेत. हवा, उजेड आणि साफसफाई त्यांतूनच. या पद्धतीला इराणात कनात म्हणतात. अरबांबरोबर ती मोरोक्कोत आणि स्पेनमध्ये पोचली. माद्रिद शहर कित्येक शतकं अशाच भुयारी पाटांचं पाणी पीत होतं. म्हणजे जे पाहायला लोक दूरदेशी जातात त्याचा एक नमुना आपल्या दाराशी आहे. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचं नाव आलं. खाली उतरण्याची सोय चालू आहे का, हे गावात विचारूनच रिक्षा करा.

याशिवाय दाऊदी बोहरा समाजाची प्रसिद्ध दर्गा-ए-हकीमी याच शहरात आहे. वेळ उरला तर वीस किलोमीटरवरचा असीरगड बघा. जानेवारी १६०१ मध्ये तो अकबराच्या ताब्यात गेला आणि फारुकींचं राज्य संपलं. लोक त्याला दख्खनचा दरवाजा म्हणतात. चढण आहे, म्हणून पाणी बरोबर ठेवा. परतताना मावा जिलेबी घ्यायला विसरू नका.

अजिंठा

भुसावळहून जामनेरमार्गे फर्दापूर, किंवा जळगावहून साधारण ६० किलोमीटर. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने शिकारीच्या निमित्ताने ही लेणी पाहिली आणि त्यांची ख्याती बाहेर पसरली. १९८३ मध्ये त्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. लेणी सोमवारी बंद असतात. खासगी वाहन फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढे तिथल्याच बसने जावं लागतं. फर्दापूरला मोगलकाळातली सराई आहे, जाता-येता तीही बघा. पावसाळ्यानंतरचे दोन महिने सगळ्यात चांगले.

पुन्हा बदली झाली तर

बदलीचा आदेश आला की शाळेला लगेच लेखी कळवा, जमल्यास वार्षिक परीक्षेनंतरची तारीख मागा. दाखला, प्रगतिपुस्तक, आणि मराठी विषयाचे गुण असलेली गुणपत्रिका यांच्या दोन-दोन प्रती घ्या. पुढच्या राज्यात मराठी नसली तरी पुन्हा महाराष्ट्रात यायची वेळ येते, तेव्हा त्या उपयोगी पडतात. भाडेकरार संपल्याचं लेखी घ्या. ज्या शेजारणीने पहिल्या दिवशी पाण्याची वेळ सांगितली तिचा नंबर जपून ठेवा.

तोपर्यंत इथे नीट राहा. खान्देशावर राज्य करणारे फारुकी, बऱ्हाणपूरला पाणी देणारा खानखानान, तापीकाठी आलेली मुक्ताई, रेल्वे आणि कारखाने चालवणारी माणसं, यांतले बहुतेक बाहेरूनच आले होते. यांतल्या कुणाचा मुक्काम चार वर्षांचा होता, कुणाचा चार पिढ्यांचा, पण या मातीने सगळ्यांची नोंद ठेवली. तुमच्या मुलाला पुढच्या शाळेत "तू कुठला?" असं विचारलं तर त्याने दोन गावांची नावं घ्यावीत. त्यांतलं एक वरणगाव असावं, आणि त्यातला ण नीट उच्चारावा, एवढीच आमची शिक्षक म्हणून इच्छा आहे.